निर्णय उपकेंद्रात होतो

रक्तदाबाच्या यंत्रावर १६०/११० असा आकडा येतो. बाई आठव्या महिन्याची गरोदर आहे. सकाळपासून डोके ठणकते आहे, डोळ्यांपुढे अंधारी येते असे ती सांगते, आणि पायावर बोटाने दाबले की पडलेला खळगा बराच वेळ तसाच राहतो. ही बाई पुण्या-नाशिकच्या रुग्णालयात असती तर परिचारिकेने डॉक्टरांना बोलावले असते आणि पुढचे सारे डॉक्टरांनी ठरवले असते. तीच बाई अक्राणी तालुक्यातल्या एखाद्या उपकेंद्राच्या बाकावर बसलेली असेल, जुलै महिना असेल आणि घाटात दरड आलेली असेल, तर ठरवायला तिथे एकच माणूस असतो: आरोग्यसेविका, म्हणजे पाड्यावरच्या लोकांची सिस्टर. झटके येण्याआधी काय करायचे, झटके आलेच तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस कधी द्यायचा, गाडी मिळेपर्यंत बाईला कुठे आणि कोणत्या कुशीवर ठेवायचे, नवऱ्याला आणि सासूला काय समजावायचे, हे सगळे तिनेच ठरवायचे असते. पाच ग्रॅम एका कुल्ल्यात, पाच ग्रॅम दुसऱ्या कुल्ल्यात, सुई स्नायूत खोल, आणि लगेच वरच्या रुग्णालयाकडे रवानगी. केंद्र शासनाच्या प्रसूतीविषयक सूचनांनी एवढा अधिकार तिला दिलेला आहे. तो वापरण्याची वेळ आली की मात्र ती बहुतेकदा एकटी असते.

हे पुस्तक या एकटीच्या कामाविषयी आहे. परिचारिकेने रुग्ण तपासावा, आजार ओळखावा, ठरवून दिलेल्या मर्यादेत औषध सुरू करावे, आधीचे औषध चालू ठेवावे किंवा बंद करावे, आणि कोणाला कधी वर पाठवायचे याचा निवाडा करावा, अशा कामासाठी खास शिक्षण घेतलेल्या परिचारिकेला जगभर नर्स प्रॅक्टिशनर म्हणतात. आपल्याकडे ही पदवी नवी आहे, पण काम जुने आहे. सातपुड्यात तर ते पदवीची वाट न पाहता पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. म्हणून परिचारिकेला निर्णय घेऊ द्यावा का, या प्रश्नावर मी वाचकांचा वेळ घेणार नाही. ती निर्णय घेतेच, घ्यावाच लागतो. प्रश्न असा आहे की त्या निर्णयासाठी लागणारे शिक्षण, लेखी अधिकार आणि फोन उचलणारा डॉक्टर या तीन गोष्टी आपण तिला एकत्र देणार आहोत का. त्यातली एक दिली आणि दोन राखून ठेवल्या, तर धोका रुग्णाला असतो आणि दोष परिचारिकेच्या माथी येतो.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी म्हणजे धडगाव असे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १६,४८,२९५ होती, आणि त्यात दहामधली जवळपास सात माणसे आदिवासी. नकाशावर जिल्हा एक दिसत असला तरी आरोग्यसेवेच्या दृष्टीने इथे दोन जिल्हे नांदतात. तापीकाठचा शहादा-नंदुरबारचा सपाट भाग ऊस, केळी, मिरचीचा. तिथे रस्ता आहे, खाजगी दवाखाने आहेत, २०२० पासून नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तळोद्याच्या पुढे घाट चढू लागलो की दुसरा जिल्हा सुरू होतो. इथे गाव म्हणजे एका जागी वसलेली घरे नव्हेत. एक पाडा या डोंगरावर, दुसरा ओढ्यापलीकडच्या उतारावर, आणि एकाच पाड्यातली घरेही शेताशेतांत विखुरलेली.

डोंगराळ आणि आदिवासी भागात तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र आणि वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा सरकारी निकष आहे. मैदानी भागात तोच निकष पाच हजार आणि तीस हजारांचा. कागदावर ही सवलत आहे आणि ती देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण हा निकष माणसे मोजतो, चढ-उतार मोजत नाही. तीन हजार माणसे आठ-दहा पाड्यांवर पसरली असतील आणि दोन पाड्यांमध्ये चालत जायला अर्धा दिवस लागत असेल, तर आरोग्यसेविकेचा दिवस रुग्ण तपासण्यापेक्षा वाट चालण्यातच जातो. पावसाळ्यात बांबूला झोळी बांधून आजारी माणसाला खांद्यावर आणावे लागते. वर्तमानपत्रांनी त्या झोळीला ‘बांबूलन्स’ असे नाव दिले. ते वाचून शहरात हसू येत असेल. ज्यांच्या खांद्यावर तो बांबू असतो त्यांना येत नसणार. सप्टेंबर २०२१ मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला आणि आजारी बायकोला खांद्यावर घेऊन निघालेल्या नवऱ्याला ती वाटेतच गमवावी लागली. त्या बातमीनंतर रस्त्याची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण रस्ता होईपर्यंतच्या पावसाळ्यांत घाटाच्या वरच्या बाजूला कोण असणार आहे, आणि तिच्या हातात काय असणार आहे, ही चर्चा फार कमी झाली.

नर्मदेच्या काठी तर रस्ताच पाण्याचा आहे. सरदार सरोवराचे पाणी चढले आणि मणिबेली, चिमलखेडी या बाजूची गावे उरली ती डोंगरांच्या टोकांवर. त्यांच्यासाठी तरंगता दवाखाना आणि बोट अँब्युलन्स आली. २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनी स्वतः होडी वल्हवत अलिघाट आणि दादर इथली बाळे आणि गरोदर बाया गाठल्या, बाळांची वजने केली, पोषण आहार पोहोचवला. देशभर त्यांचे कौतुक झाले. त्या परिचारिका नाहीत, तरी त्यांचा उल्लेख इथे मुद्दाम केला आहे. दुर्गम भागातली परिचारिका कधीच एकटीच्या बळावर काम करत नाही. आशा, अंगणवाडी सेविका, दाई आणि कधी कधी बडवा म्हणजे पाड्यावरचा भगतसुद्धा तिचे कान आणि डोळे असतात. कोणत्या घरात बाळंतपण जवळ आले आहे हे तिला रजिस्टरमधून कळण्याआधी या माणसांकडून कळते.

आता एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण परिचारिकेच्या निर्णयात किती वैद्यक भरलेले असते हे त्याशिवाय ध्यानात येणार नाही. समोरची गरोदर बाई फिकट आहे. पापणी खाली ओढून पाहिली तर आत पांढुरके. हिमोग्लोबिन आठच्या खाली. सरधोपट उत्तर आहे लोहाच्या गोळ्या, आणि बहुसंख्य बायांच्या बाबतीत ते बरोबरही असते. पण भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. निरोगी माणसाची लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलसेलच्या रुग्णाची दहा-वीस दिवसांत मोडते. त्या बाईच्या अंगात लोह कमी नसून पेशीच टिकत नसतील, तर गोळ्यांनी रक्त वाढणार नाही आणि आपण वाट पाहत बसू. म्हणून सिस्टरने आधी विचारायला हवे: हातापायांत ठणका मारतो का? लहानपणापासून वारंवार ताप, कावीळ? याआधी कधी रक्त चढवले होते का? घरात कोणी असेच आजारी होते का, किंवा लहान वयात गेले का? मग बोटातल्या रक्ताची साधी विद्राव्यता चाचणी. ती पॉझिटिव्ह आली तर पक्की तपासणी, कारण ती पहिली चाचणी वाहक आणि रुग्ण यांतला फरक सांगत नाही. वाहक असलेल्या बाईला सहसा त्रास नसतो, मात्र तिच्या नवऱ्याचीही तपासणी व्हायला हवी. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणी बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. आणि बाई स्वतः रुग्ण असेल, तर तिचे बाळंतपण कुठे करायचे हे आठव्या महिन्यात नव्हे, तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच ठरायला हवे, कारण तिला रक्ताची गरज पडू शकते आणि रक्तपेढी घाटाच्या खाली आहे.

या साखळीत शस्त्रक्रिया नाही, महागडे यंत्र नाही. नीट प्रश्न विचारणे, एक चाचणी करणे, तिचा अर्थ लावणे आणि पुढचे पाच महिने त्या बाईचा पाठपुरावा करणे एवढेच आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्याचे यश तपासलेल्या लोकांच्या आकड्यावरून मोजले जाईल, याची मला भीती वाटते. तपासणी ही सुरुवात आहे. हायड्रॉक्सियुरिया हे औषध अनेक रुग्णांचा ठणका आणि वारंवारची भरती कमी करते, पण ते वर्षानुवर्षे घ्यावे लागते आणि मधून मधून रक्तपेशी मोजाव्या लागतात. धडगावच्या पुढच्या पाड्यावरचा मुलगा दर महिन्याला जिल्हा रुग्णालयात येणार नाही. आजार स्थिर असलेल्या रुग्णाला उपकेंद्रात तपासणारी, त्याचे औषध चालू ठेवणारी आणि पेशी घटल्या की ते थांबवून डॉक्टरांना कळवणारी प्रशिक्षित परिचारिका असेल, तर तो मुलगा औषधावर टिकेल. दक्षिण आफ्रिकेने २०१० पासून एचआयव्हीची औषधे सुरू करण्याचा आणि चालू ठेवण्याचा अधिकार प्रशिक्षित परिचारिकांना दिला, कारण केवळ डॉक्टरांच्या भरवशावर एवढ्या रुग्णांना उपचार मिळणेच शक्य नव्हते. सातपुड्यातल्या सिकलसेलचे गणित तसेच आहे.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले आणि अक्षरओळख नसलेल्या बायांनाही आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायांना नवजात बाळाचे श्वास मोजायला, जंतुदोष ओळखायला आणि जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायला शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा निष्कर्ष छापून आला: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला होता. तेव्हा अनेक बालरोगतज्ज्ञांना हे पटले नव्हते. पुढे २०१४ मध्ये केंद्र सरकारने ठरावीक परिस्थितीत हेच इंजेक्शन देण्याची परवानगी आरोग्यसेविकांना दिली. पुरावा आणि परवानगी यांच्यामध्ये पंधरा वर्षे गेली. ‘कोवळी पानगळ’ हा राज्यातल्या बालमृत्यूंवरचा अहवाल २००१ मध्ये, म्हणजे या पंधरा वर्षांच्या आतच, प्रसिद्ध झाला. त्या काळात महाराष्ट्रातल्या आदिवासी पाड्यांवर किती बाळे गेली असतील, हा प्रश्न तो अहवाल वाचणाऱ्याला सोडत नाही.

खुद्द नंदुरबारनेही एकदा साऱ्या राज्याला धडा दिला आहे. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत सगळीकडे प्राणवायूसाठी धावाधाव चालली होती. इथले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड स्वतः वैद्यकीय पदवीधर. त्यांनी आधीच्या वर्षीच जिल्ह्यात प्राणवायूचे प्रकल्प उभे करायला घेतले होते. त्या प्रकल्पांचे कौतुक खूप झाले. त्यामानाने दुसरी गोष्ट मागे राहिली: ‘ऑक्सिजन नर्स’. ठरावीक खाटांमागे एक परिचारिका नेमून तिला एकच काम दिले गेले, प्रत्येक रुग्णाची प्राणवायूची पातळी पाहत राहायचे आणि त्याप्रमाणे प्रवाह कमी-जास्त करायचा. पातळी सुधारली असेल तर प्रवाह उतरवायचा. रुग्ण जेवायला बसला, शौचालयात गेला आणि नळी मोकळी वाहत राहिली, तर ती बंद करायची. पातळी घसरू लागली तर प्रवाह वाढवून डॉक्टरांना हाक मारायची. प्राणवायूची बचत झालीच. शिवाय घसरणारा रुग्ण वेळेवर ध्यानात येऊ लागला. राज्याचे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी इतर जिल्ह्यांनीही हे करावे असे सांगितले. या प्रयोगाचे मर्म बचतीपेक्षा अधिकारात आहे, असे मला वाटते. प्रवाह किती ठेवायचा हे एरवी डॉक्टर फेरीला येतील तेव्हा ठरते. इथे तो निर्णय खाटेजवळ सतत असलेल्या व्यक्तीकडे सोपवला, तिला मर्यादा आखून दिल्या आणि हाक मारली की येणारा डॉक्टर जवळ ठेवला. नर्स प्रॅक्टिशनर या कल्पनेत याहून वेगळे काही नाही. लाट ओसरली तशी ती नेमणूक विसरली गेली, हे मात्र खेदाचे.

जगात या कामाची सुरुवात बहुधा अशाच अडचणीच्या मुलखांत झाली. अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या डोंगरांत १९२५ मध्ये मेरी ब्रेकिनरिज यांनी फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस उभी केली. रस्ते नव्हते, म्हणून सुईणीचे शिक्षण घेतलेल्या परिचारिका घोड्यावरून घरोघर जात, बाळंतपणे करत, मुले तपासत. शहरातल्या डॉक्टरांच्या समितीने त्यांना लेखी सूचनांची पुस्तिका करून दिली होती: कोणत्या लक्षणाला काय द्यायचे, कोणते लक्षण दिसले की थांबायचे आणि डॉक्टरांना निरोप धाडायचा. पुढे एका विमा कंपनीच्या संख्याशास्त्रज्ञाने त्यांची पहिली हजार बाळंतपणे तपासली, तेव्हा देशाच्या मातामृत्यूच्या सरासरीपेक्षा त्या गरीब डोंगराळ भागाची स्थिती कितीतरी चांगली निघाली. ही सेवा सुरू झाल्यानंतर चाळीस वर्षांनी, १९६५ मध्ये, कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. ब्रिटनमध्ये २००६ पासून खास पात्रता मिळवलेल्या परिचारिका जवळपास सगळी औषधे स्वतः लिहून देऊ शकतात. यांतल्या अनेक ठिकाणी डॉक्टरांचा विरोध झाला आणि काळानुसार तो बराच निवळला, कारण रुग्णांचे नुकसान झालेले दिसले नाही.

आपल्याकडची वाट मात्र मध्येच उलटी वळली होती. सहायक परिचारिका-प्रसाविका, म्हणजे एएनएम, हे पद मुळात बाळंतपणासाठी होते. १९७३ मध्ये करतारसिंग समितीने तिला बहुउद्देशीय कार्यकर्ती करायचे सुचवले. उद्देश वाढले, आणि त्यात कुटुंबनियोजनाचे उद्दिष्ट असे डोक्यावर बसले की १९९६ मध्ये उद्दिष्टांची सक्ती अधिकृतपणे मागे घेतली जाईपर्यंत दोन पिढ्यांच्या परिचारिकांची ओळख शस्त्रक्रियेसाठी बाया जमवणारी अशीच राहिली. पाड्यावरची बाई सिस्टर दिसली की आजही कधी कधी शेतात निघून जाते, त्यामागे हा इतिहास आहे. बाळंतपणाचे कसब वापरात राहिले नाही की हातातून जाते. आज बाळंतपणे दवाखान्यात व्हावीत हे धोरण योग्यच आहे, पण त्यामुळे उपकेंद्रातल्या कितीतरी परिचारिकांच्या हातून वर्षात मोजकीच बाळंतपणे होतात, आणि नेमक्या पावसाच्या रात्री अवघड बाळंतपण त्यांच्याच दारात येते.

गेल्या काही वर्षांत दिशा पुन्हा बदलली आहे. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने प्रसूतिसेवेच्या मार्गदर्शक सूचना काढून ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी’ ही नवी श्रेणी ठरवली: नोंदणीकृत परिचारिकेला अठरा महिन्यांचे प्रशिक्षण, आणि जोखीम नसलेली बाळंतपणे तिने स्वतःच्या जबाबदारीवर करायची. त्याच वर्षी आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी हे पद आले. सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमानंतर आयुर्वेद किंवा नर्सिंगचे पदवीधर तिथे बसू लागले, मधुमेह-रक्तदाब तपासू लागले, ई-संजीवनी या ऑनलाइन सेवेवरून डॉक्टरांचा सल्ला घेऊ लागले. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२ ने मर्यादित परवान्याच्या समुदाय आरोग्य सेवकाची तरतूद केली, आणि तिच्या विरोधात देशभरचे डॉक्टर रस्त्यावर उतरले. २०२३ मध्ये १९४७ च्या जुन्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत झाला. एवढ्या सगळ्यातून एक गोष्ट अजून घडलेली नाही. नवी पदवी घेऊन आलेल्या परिचारिकेसाठी वेगळे पद, वेगळी वेतनश्रेणी आणि लेखी अधिकार अशी सोय आपल्या सरकारी सेवेत रुळलेली नाही. शिकून परत आली की ती पुन्हा त्याच पाळीत, त्याच कामावर.

डॉक्टरांच्या विरोधाला स्वार्थ म्हणून झटकून टाकणे मला मान्य नाही. त्यांचा एक आक्षेप गंभीर आहे, आणि तोच आक्षेप आदिवासी कार्यकर्तेही वेगळ्या शब्दांत घेतात: शहरातल्या माणसाला एमडी डॉक्टर, आणि डोंगरातल्या माणसाला परिचारिका, हा दुजाभाव नव्हे का? परिचारिकेला अधिकार देणे म्हणजे डॉक्टरांची रिकामी पदे कायमची रिकामी ठेवण्याची पळवाट ठरत असेल, तर तो दुजाभावच आहे, आणि मीही त्याला विरोध करीन. मोलगी, धडगाव, अक्कलकुव्याला शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, भूल देणारा डॉक्टर आणि रक्ताची सोय हवीच. अडलेल्या बाळंतपणाला सिझेरियनच लागते. कितीही कुशल प्रसाविका असली तरी ती तिथे फक्त वेळेवर ओळखू शकते. पण या आक्षेपाची दुसरी बाजूही पाहावी. ज्या देशांत डॉक्टर भरपूर आहेत तिथेही निरोगी बाळंतपण प्रसाविकेकडे सोपवले जाते, कारण ती बाईजवळ तासन्‌तास बसते, उगाच कळा वाढवायचे इंजेक्शन देत नाही, उगाच छेद घेत नाही. ‘लॅन्सेट’च्या २०१४ च्या लेखमालेने हिशेब मांडला होता की प्रसूतिसेवा आणि कुटुंबनियोजन यांची प्रसाविकांकडून पूर्ण व्यवस्था झाली तर माता, गर्भ आणि नवजात यांचे दहापैकी आठ मृत्यू टळू शकतात. असे असताना डोंगरातल्या बाईला तिचे हक्काचे देणे म्हणून प्रसाविका द्यायची की डॉक्टर मिळत नाही म्हणून, यावर सगळे ठरते; पहिल्या हेतूने दिलेल्या परिचारिकेला शिक्षण, पगार आणि पाठबळ मिळते, दुसऱ्या हेतूने दिलेली एकटी पडते.

या एकटेपणाचे तपशील पुढच्या प्रकरणांत जागोजागी येतील. कंत्राटी नेमणूक हा त्यातला पहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे कर्मचारी राज्यभर संपावर गेले. वर्षानुवर्षे अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर काम करणाऱ्या परिचारिका त्यांत होत्या. पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे ठाऊक नसलेल्या माणसावर पाड्यावरच्या बाईने विश्वास कसा ठेवावा? दुसरा तपशील नोंदींचा. गरोदर मातांचे रजिस्टर, लसीकरणाचे पोर्टल, क्षयाचे, असंसर्गजन्य आजारांचे, प्रत्येकाची वेगळी नोंद, आणि नेटवर्क नसेल तर ती भरायला टेकडीवर चढून जायचे. ई-संजीवनीचेही तेच. डॉक्टरांचा सल्ला सिग्नलवर अवलंबून असेल, तर ज्या पाड्यांना त्याची गरज जास्त तिथेच तो मिळत नाही. साध्या फोनवर चोवीस तास उपलब्ध असलेला, त्या भागाची माहिती असलेला एक ठरावीक डॉक्टर कितीतरी अधिक उपयोगी पडेल, असे माझे मत आहे.

तिसरा तपशील स्थलांतराचा. दिवाळी झाली की धडगाव-अक्कलकुव्याकडची कुटुंबे ऊसतोडीला आणि इतर मजुरीला गुजरातकडे जातात, आणि होळीला परततात. काठी गावच्या राजवाडी होळीला तर लांबलांबहून माणसे येतात. मधल्या चार-पाच महिन्यांत गरोदरपणाचे दिवस उसाच्या फडाजवळच्या पालात जातात, बाळाच्या लसी चुकतात, सिकलसेलच्या गोळ्या संपतात. त्यामुळे इथल्या चांगल्या परिचारिकेचे कॅलेंडर सरकारी वर्षाशी जुळत नाही. कुटुंबे निघण्याआधी तिला गरोदर बायांची हिमोग्लोबिन तपासणी, रक्तदाब आणि धोक्याची लक्षणे सांगण्याचे काम आटोपावे लागते, माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत घातले आहे ना हे पाहावे लागते, आणि मुकादमाचा नंबर लिहून घ्यावा लागतो. होळीच्या दिवसांत परतलेल्या प्रत्येक घरात जाऊन कोण आजारी आले, कोणाचे बाळ कमी वजनाचे आले, हे पाहावे लागते. हे कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. अनुभवी परिचारिका ते नव्या मुलीला सांगते तेवढेच.

आणि भाषा. भिली, पावरी, मावची, वसावी, अहिराणी; आरोग्यसेविका विदर्भातून किंवा मराठवाड्यातून बदलीवर आलेली असेल तर सुरुवातीला तिच्या आणि रुग्णाच्या मध्ये आशा कार्यकर्ती दुभाषी असते. अंधारी येणे, पोटात बाळ न हलणे, अंगावरून जाणे, या गोष्टी सासऱ्यासमोर, परक्या भाषेत, तिसऱ्या माणसामार्फत सांगायच्या असतात. त्या सांगितल्या जात नाहीत, आणि रक्तदाबाचे यंत्र त्या विचारू शकत नाही.

म्हणून या पुस्तकाच्या शेवटच्या भागात शिक्षणाचा विचार आला आहे, आणि तो मला सर्वांत निकडीचा वाटतो. नर्सिंगच्या पदवीला प्रवेश घ्यायचा तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र लागते. जीएनएम आणि एएनएम कला शाखेतूनही करता येते, पण वरच्या जागा बहुतेक पदवीवाल्यांना मिळतात. सातपुड्यातल्या आश्रमशाळांमधून दहावी झालेल्या मुलींपैकी ज्यांना विज्ञान शाखा हवी आहे त्यांच्यापुढे जवळचे कनिष्ठ महाविद्यालय, वसतिगृह आणि शिकवायला खरोखर येणारा विज्ञानाचा शिक्षक, हे तीन प्रश्न उभे असतात. तिथून सुटलेली मुलगी नंदुरबारला किंवा धुळ्याला नर्सिंगला पोहोचली, तर पुढे अठरा महिन्यांचे प्रसाविकेचे प्रशिक्षण घेऊन ती धडगावला परत यायला तयार असते का, हे तिला तिथे राहायला घर, मुलांना शाळा आणि पदाला साजेसा पगार मिळतो का यावर ठरते. जिल्हा परिषद, आदिवासी विकास विभाग आणि आता जिल्ह्यातच असलेले वैद्यकीय महाविद्यालय या तिघांनी मिळून हे गणित सोडवायचे ठरवले, तर पहिली तुकडी घडायला दहाहून अधिक वर्षे लागतील. ती सुरुवात आठवीच्या वर्गातल्या विज्ञानाच्या शिक्षकापासून होईल.